अडलेली शेळी : केव्हा थांबावे, केव्हा हात लावावा

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत शेळी हे गरीब कुटुंबाचे चालते-बोलते भांडवल आहे. तेरेखोल नदीच्या काठापासून दोडामार्गाच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेल्या कातळी सड्यांवर, करवंदीच्या जाळ्यांत आणि कुळागरांच्या कडेने चरणारे शेळ्यांचे लहान लहान कळप या भागात आजही दिसतात. धनगर-गवळी समाज पिढ्यान् पिढ्या म्हशींबरोबर शेळ्या राखीत आला आहे. इतर शेतकरी कुटुंबांतही दोन-चार शेळ्या परसात बांधलेल्या असतात. मुलांची फी, औषधपाणी, घराची डागडुजी अशा नडीच्या वेळी या शेळ्याच उपयोगी पडतात. दख्खनच्या पठारावर जे स्थान मेंढीचे आहे, तेच येथे शेळीचे आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या दमट प्रदेशात मेंढी मानवत नाही. म्हणून गोव्यात मेंढ्या जवळजवळ नाहीत. तथापि, प्रसूतीच्या बाबतीत मेंढी व शेळी यांचे नियम बहुतांशी एकच असल्याने येथे दिलेली माहिती दोहोंनाही लागू पडते.

मराठीत बाळंतीण अडते, तशीच शेळीही अडते. दोहोंसाठी भाषेने एकच क्रियापद योजिले आहे. बहुतेक शेळ्या कोणाच्याही मदतीवाचून सुखरूप वितात. परंतु जी थोडी अडतात, त्यांच्यावर कुटुंबाचे बरेच काही अवलंबून असते. पाच शेळ्या राखणाऱ्या घरातील एक शेळी दोन करडांसह दगावली, तर त्या घराच्या वर्षाच्या मिळकतीला मोठी खोट बसते. हे नुकसान दोन विरुद्ध चुकांमुळे होते. काही ठिकाणी शेळी रात्रभर कळा देत राहते आणि घरची मंडळी ‘आपोआप सुटेल’ म्हणून सकाळची वाट पाहतात. इतर ठिकाणी पाणमोट दिसताच पाय ओढण्याची घाई केली जाते. धीर आणि दिरंगाई यांतील फरक नेमका कोठे आहे, हे ओळखता आले तर यांतील पुष्कळ जीव वाचू शकतील.

विण्याची तारीख आधी माहीत हवी

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. तो चार-पाच दिवसांनी मागेपुढे होऊ शकतो. शेळी ज्या दिवशी बोकडाला लागली त्या तारखेपासून पाच महिने पुढे मोजून त्यातून दोन-तीन दिवस वजा केले, की विण्याचा अंदाज मिळतो. उदाहरणार्थ, १० जूनला फळलेली शेळी ७ नोव्हेंबरच्या सुमारास विते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ही तारीख खुणेने नोंदवून ठेवावी. तारीख माहीत असली म्हणजे शेवटच्या आठवड्यात शेळीला लांब चरावयास न पाठविता घराजवळ ठेवता येते, आणि रानात एकाकी अडण्याचा धोका टळतो.

या हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत येथील गोठे ओले असतात. त्या काळात जन्मलेली करडे थंडीने, फुप्फुसाच्या विकाराने व हगवणीने मोठ्या प्रमाणात दगावतात. ऐन पावसात वेत नको असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत बोकड कळपापासून वेगळा ठेवला पाहिजे. ते शक्य नसल्यास त्याच्या पोटाखाली जाड कापडाची झालर बांधण्याचा उपायही करता येतो.

अडण्याची कारणे बहुधा आधीच घडलेली असतात

अवघड प्रसूतीचे मूळ पुष्कळदा पाच महिन्यांपूर्वीच्या एका निर्णयात असते. पूर्ण न वाढलेली पाठ लवकर फळविली, तर तिच्या कमरेची हाडे पुरेशी रुंद झालेली नसतात. मोठ्या शेळीच्या वजनाच्या किमान दोन-तृतीयांश वजन भरल्याशिवाय पाठीला बोकड दाखवू नये. तसेच, ईदच्या बाजारात चांगली किंमत येईल या आशेने मोठ्या अंगाच्या परप्रांतीय जातीचा बोकड लहान चणीच्या गावठी शेळीवर सोडल्यास करडू मोठे होऊन मार्गात अडकण्याचा संभव वाढतो. सुधारणा हवीच असेल, तर या हवामानाला सरावलेली जात निवडणे शहाणपणाचे ठरते. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘कोकण कन्याळ’ ही अशी जात आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले असून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदणीकृत जातींत तिचा समावेश आहे.

दुसरे कारण आहाराचे. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन करडे असलेली शेळी या काळात नुसत्या वाळल्या गवतावर राहिली, तर तिची शक्ती खचते, कळा मंदावतात, आणि प्रसंगी ती खाणे सोडून सुस्त बसते. अशी शेळी आजारी समजून त्वरित पशुवैद्यकाला दाखवावी. शेवटच्या दीड महिन्यात फणसाचा, उंबराचा किंवा शेवरीचा पाला, त्याबरोबर मक्याचा भरडा, भाताचा कोंडा व खोबऱ्याची पेंड यांचा खुराक द्यावा. हा खुराक थोड्यापासून आरंभ करून हळूहळू रोज पाव किलोच्या आसपास न्यावा. एकदम भरपूर धान्य घातल्यास पोटफुगी व आम्लता होऊन अपाय होतो. विण्यापूर्वी सुमारे महिनाभर आधी दवाखान्याच्या सल्ल्याने धनुर्वात व आंत्रविषार यांची लस टोचून घेतली, तर तिचे संरक्षण चिकातून करडांनाही मिळते.

नैसर्गिक प्रसूतीची ओळख

अडलेली शेळी ओळखण्यासाठी न अडलेली शेळी कशी विते, हे आधी माहीत असावयास हवे. दिवस भरत आले की कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात व योनी सुजल्यासारखी सैल होते. त्यानंतर शेळी कळपापासून दूर जाते, उठबस करते, पायाने जमीन उकरते, वळून पोटाकडे पाहते आणि हळू आवाजात ओरडते. या पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे तोंड उघडत असते. तिला काही तास लागतात. पहिलटकरणीस बारा तासांपर्यंतही लागू शकतात. या काळात कोणीही हात लावू नये. शेळीला कोरड्या, स्वच्छ जागेत एकटी सोडून दुरून लक्ष ठेवावे.

दुसरी अवस्था जोराच्या कळांनी सुरू होते. पाणमोट दिसते, ती फुटते आणि पाठोपाठ करडाचे दोन पुढचे पाय बाहेर येतात. त्यांचे तळवे खाली असतात आणि दोन्ही पायांच्या वर टेकलेले नाक दिसते. पाण्यात सूर मारणाऱ्या माणसाचे हात व डोके जसे असतात, तशी ही ठेवण होय. करडू असे येत असेल, तर बहुधा अर्ध्या तासात ते बाहेर पडते. दुसरे करडू असल्यास ते साधारणपणे त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत येते.

घड्याळ पाहण्याची वेळ

येथेच घड्याळाला महत्त्व येते. जोराच्या कळा सुरू झाल्याची किंवा पाणमोट दिसल्याची वेळ लक्षात ठेवावी. त्यापासून अर्धा तास सतत कळा येऊनही काहीच पुढे सरकले नाही, तर धीर धरण्याची वेळ संपली असे समजावे. पुढील लक्षणे दिसल्यास तेवढीही वाट पाहू नये : एकच पाय बाहेर येणे, पायांशिवाय नुसते डोके येणे, फक्त शेपटी दिसणे, लाल रक्ताची धार लागणे, अथवा दुर्गंधीयुक्त काळपट स्राव येणे. याउलट, दिवसभर बेचैन असूनही शेळीला जोराच्या कळाच येत नसतील, तर तेही अडल्याचेच लक्षण आहे. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसण्याचा संभव असतो. अशा शेळीला ओढाताण करून उपयोग नाही. तिला पशुवैद्यकच सोडवू शकतो.

दवाखान्याला निरोप याच क्षणी धाडावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलाविण्यासाठी देशभर १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठरविण्यात आला आहे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांकही घरात ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. फोनवर सांगताना शेळी कितवे वेत विते आहे, कळा केव्हा सुरू झाल्या आणि बाहेर काय दिसते, या तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे डॉक्टरांना तयारीनिशी येता येते.

हात लावण्याची पूर्वतयारी

वाडी दूर असेल, रात्र असेल आणि मदत येण्यास वेळ लागणार असेल, तर पशुपालकाला स्वतः एकदा तपासणी करावी लागते. ती स्वच्छपणेच झाली पाहिजे. नखे कापावीत, अंगठी व बांगड्या काढाव्यात. शेळीचा मागील भाग व आपला हात कोपरापर्यंत साबणाने व कोमट पाण्याने धुवावा. रबरी हातमोजा असल्यास तो घालावा. हाताला दवाखान्यातून मिळणारे वंगण किंवा लिक्विड पॅराफिन लावावे. ते नसल्यास स्वच्छ खोबरेल तेल चालेल. कोरड्या हाताने तपासणी करू नये, कारण आतील नाजूक अस्तर सोलले जाते.

घरात ज्याचा हात लहान त्याने हे काम करावे. पुष्कळदा हे काम घरातील स्त्रीच अधिक हळुवारपणे करू शकते. परंतु गरोदर स्त्रीने विणाऱ्या शेळीला, वारेला किंवा गाभडलेल्या गर्भाला मुळीच हात लावू नये. शेळीच्या वारेतून व स्रावातून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला होऊ शकतात आणि काही जंतूंमुळे स्त्रीच्या गर्भालाही धोका पोहोचतो. हाताला जखम असलेल्यानेही दूर राहावे.

आत काय लागते ते कसे ओळखावे

हात घालताना कळ थांबण्याची वाट पाहावी. कळ चालू असता जोर लावू नये. प्रथम पाय पुढचा की मागचा, हे ठरवावे. खुराच्या वरचे पहिले दोन सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर तो पुढचा पाय होय. ते परस्परविरुद्ध दिशांना वाकत असून वरचा सांधा टोकदार लागत असेल, तर तो मागचा पाय होय. त्यानंतर दोन्ही पाय एकाच करडाचे आहेत काय, हे पाहण्यासाठी बोटे पायावरून खांद्यापर्यंत किंवा छातीपर्यंत न्यावीत. जुळ्यांपैकी एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे पाय धरून ओढल्याने पुष्कळ करडे व शेळ्या प्राणास मुकतात.

पशुपालकाने स्वतः करावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. दोन्ही पुढचे पाय व डोके सरळ असून करडू केवळ मोठे असल्याने हळू येत असेल, तर पायांच्या सांध्यांच्या वर स्वच्छ मऊ कापडाने धरून कळेबरोबरच ओढावे आणि कळ थांबली की ओढणेही थांबवावे. ओढण्याची दिशा सरळ मागे नसून मागे व खाली, शेळीच्या घोट्यांकडे असावी. एका माणसाच्या हाताची ताकद पुरे. दोघांनी मिळून ओढू नये. डोके व एक पाय आला असून दुसरा पाय मागे दुमडला असेल, तर कळ नसताना करडाला हलकेच आत सारावे, दुमडलेल्या पायाचा खूर तळहाताच्या पोकळीत झाकून घ्यावा आणि मग तो पुढे आणावा. खूर झाकल्याने गर्भाशयाची भिंत फाटत नाही. दोन्ही मागचे पाय सरळ येत असतील, तर करडाला उलटविण्याचा प्रयत्न करू नये. ते तसेच जन्मू शकते. मात्र कंबर बाहेर आल्यावर विलंब लावू नये, कारण नाळ दाबली जाऊन डोके आत असतानाच करडाचा श्वास कोंडतो.

मान मागे वळलेली असणे, केवळ शेपटी लागणे, दोन करडांचे पाय गुंतणे, करडू मरून फुगणे, अथवा गर्भाशयाचे तोंड न उघडणे या पाच स्थितींत अननुभवी माणसाने हात मागे घ्यावा व पशुवैद्यकाची वाट पाहावी किंवा शेळीला दवाखान्यात न्यावे. ज्या स्थितीत प्रयत्न करणे योग्य आहे, तेथेही पंधरा-वीस मिनिटांत प्रगती झाली नाही तर थांबावे. वेळीच नेलेल्या शेळीवर शस्त्रक्रिया करून शेळी व करडे दोन्ही वाचविता येतात. रात्रभर चार जणांनी हाताळून सुजलेल्या शेळीच्या बाबतीत डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन परस्पर टोचण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. मार्गात करडू आडवे असताना गर्भाशय जोराने आकुंचन पावले, तर ते फाटते आणि शेळी मरते. हे औषध पशुवैद्यकाच्या हातूनच दिले गेले पाहिजे.

जन्मानंतरचा पहिला तास

करडू बाहेर येताच नाकातोंडातील चिकटा पुसून काढावा. श्वास सुरू झाला नाही, तर गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवावी व कोरड्या गोणपाटाने छाती चोळावी. नाळेचा टोकाकडील भाग टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावा. नाळेवर राख किंवा शेण लावू नये व ती गंजक्या कोयत्याने कापू नये. यातून धनुर्वात होतो. आई करडाला चाटत असेल तर तिला तसे करू द्यावे, त्यातूनच दोघांची ओळख पटते. शेळीच्या पोटाखाली हात घालून दुसरे करडू शिल्लक नाही ना, याची खात्री करावी.

‘वार पडेपर्यंत चीक पाजू नये’ हा समज अनेक वाड्यांवर अजून टिकून आहे. त्याने करडांचे अपरिमित नुकसान होते. शेळीच्या गर्भात असताना आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिलात उतरत नाहीत. ती केवळ चिकातूनच मिळतात. पिलाच्या आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती तासागणिक घटत जाते व एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या तासातच चीक पाजावा आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पोटात जाईल असे पाहावे. दोन किलो वजनाच्या करडाला हे प्रमाण सुमारे २०० मिलिलिटर होते. ते चार-पाच वेळा विभागून द्यावे. खरवसाचा वाटा करडाचे पोट भरल्यानंतरचा समजावा. गारठून निपचित पडलेल्या करडाच्या तोंडात दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आधी ऊब द्यावी, मग पाजावे.

वार बहुधा काही तासांत आपोआप पडते. ती ओढू नये आणि तिला दगड किंवा जुनी वहाण बांधू नये. बारा तासांत न पडल्यास, अथवा पुढील दिवसांत शेळीला ताप येऊन घाण वासाचा स्राव होऊ लागल्यास दवाखाना गाठावा. पडलेली वार कुत्र्यांना न टाकता चुना घालून खोल पुरावी. ज्या शेळीच्या प्रसूतीत आत हात घालावा लागला, तिला पुढील उपचारांसाठी पशुवैद्यकाला अवश्य दाखवावे. शेळीचे दूध नेहमी उकळूनच प्यावे.

शाळा, पंचायत आणि पशुपालक

हे ज्ञान केवळ दवाखान्यात राहून उपयोगाचे नाही. ज्या शाळांत शेळ्या राखणाऱ्या घरांतील मुले येतात, तेथील शिक्षकांना १५० दिवसांच्या मोजणीतून गणिताचा एक जिवंत पाठ सहज देता येईल. आपल्या घरची शेळी केव्हा विणार, हे मूल दिनदर्शिकेवर दाखवू लागले, की ती नोंद आपोआप घरच्या भिंतीवर जाते. ग्रामपंचायतींना सूचना फलकावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा व फिरत्या पथकाचा क्रमांक कायम लावून ठेवता येईल. दूरच्या वाडीवरून शेळी दवाखान्यात नेण्यासाठी गावातील कोणाचे वाहन मिळू शकेल, याची यादीही करता येईल. दवाखान्यातील अधिकाऱ्यांनी विण्याच्या हंगामापूर्वी एखादा दिवस वाडीवर जाऊन तपासणीची रीत प्रत्यक्ष दाखविली, तर तिचा उपयोग छापील सूचनांहून अधिक होईल.

धनगरवाड्यांवरील जुन्याजाणत्या स्त्रियांच्या हातांत अनुभवाचे मोठे धन आहे. करडाची ठेवण बोटांनी ओळखण्याचे त्यांचे कसब कोणत्याही पुस्तकाने कमी लेखू नये. त्या कसबाला साबणाची स्वच्छता, घड्याळाची शिस्त आणि वेळीच दवाखाना गाठण्याची तयारी यांची जोड मिळावयास हवी. विण्याच्या दिवसांत प्रत्येक पशुपालकाने साबण, स्वच्छ कापड, वंगण, हातमोजे व आयोडीनची बाटली गोठ्याजवळ एका डब्यात तयार ठेवावी. त्या डब्याच्या झाकणावर दवाखान्याचा क्रमांक लिहावा आणि त्याखाली एक खूणगाठ लिहून ठेवावी : ‘जोराच्या कळा सुरू झाल्यापासून अर्धा तास.’